झाकणावर कोरलेलं साल : घड्याळाची केस पुरावा म्हणून वाचताना

संशोधनाच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचा एक समज पक्का असतो. कागद खोटा असू शकतो, वस्तू खोटी नसते. कागदावर कुणीही काहीही लिहील, पण धातूवर कोरत कोण बसेल? पेट पास होऊन मुलाखतीच्या तयारीला लागलेल्या एका ज्युनिअरने आपल्या प्रस्तावात ‘भौतिक साधने’ या मथळ्याखाली जुनी घड्याळं घेतली आहेत, आणि झाकणावर कोरलेलं साल तो थेट घड्याळाचं साल म्हणून धरतोय. तेव्हा आजचा लेख घड्याळावर. मशीनवर नाही बरं का. मशीन ज्यात बसतं त्या केसवर, आणि तिच्या मागच्या झाकणावर.

धातूवर खोटं कोरतात, आणि आपल्याकडे तर शेकडो वर्षं कोरत आलेत. ताम्रपट आठवा. गाव इनाम मिळालंय, कर माफ आहे असं दाखवायचं तर तांब्याच्या पत्र्याइतका भारदस्त पुरावा दुसरा नव्हता. म्हणूनच बनावट ताम्रपट निघाले, इतके की जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त अशा बनावट लेखांची यादीच छापली. ते पकडले कसे जातात? अक्षरांचं वळण एका शतकाचं आणि राजा दुसऱ्याच शतकातला. तिथी आणि वार एकमेकांशी जुळत नाहीत. पहिल्या प्रकारची तपासणी म्हणजे बाह्य परीक्षण, दुसऱ्या प्रकारची अंतर्गत. लांग्ल्वा आणि सेन्योबोस या फ्रेंच इतिहासकारांनी १८९८ च्या आपल्या पुस्तकात ही पद्धत नीट मांडली आणि नेट-सेटच्या गाइडमधून आपण ती पाठ करतो. पाठ करायला हरकत नाही, पण एखादी वस्तू हातात घेऊन ती चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

घड्याळ हातात घेतलं की पहिली गोष्ट लक्षात ठेवायची : ही एक वस्तू नाही, किमान दोन आहेत. मशीन वेगळं, केस वेगळी. दोन्ही वेगवेगळ्या कारखान्यांत बनू शकतात आणि दोघांचे नंबरही वेगवेगळे असतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वॉल्थम किंवा एल्जिनचं मशीन ठरावीक साइजमध्ये यायचं आणि गिऱ्हाईक दुकानात बसून त्याला परवडेल ती केस निवडायचं. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकातसुद्धा ओमेगासारख्या स्विस कंपन्यांची मशीनं बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीच्या केसमध्ये बसवून विकली जात, कारण तयार घड्याळावरचं आयात शुल्क जड पडायचं. म्हणजे केस मूळ कंपनीची नाही, एवढ्यावरून घड्याळ डुप्लिकेट ठरत नाही. हे आधीच सांगतो, कारण ऑनलाइन विक्री करणारे ‘ओरिजिनल’ हा शब्द इतका स्वस्त करून ठेवतात की संशोधकही त्यांच्याच भाषेत विचार करायला लागतो.

दुसरी गोष्ट : केस आणि मशीन एकत्र जन्माला आले तरी एकत्र मरतातच असं नाही. सोन्या-चांदीची केस ही सराफाच्या दृष्टीने मोड. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं आणि चांदी ५० डॉलरच्या आसपास पोचली. अशा प्रत्येक तेजीत जगभर केसेस वितळल्या गेल्या आणि आतली मशीनं उघडी पडली. चालतं मशीन कोण फेकून देणार? त्याला नवी, हलकी केस मिळाली. गरिबाघरच्या घड्याळाची गोष्ट निराळी. त्याची पितळी केस घामानेच खाल्ली.

भारतात या दुसऱ्या केसची गरज जास्तच होती, आणि याला धोरणाचा इतिहास आहे. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची चणचण आली, आयातीवर परवान्यांची पकड घट्ट झाली. घड्याळ ही वस्तू सरकारच्या डोळ्यांत किती खुपत होती हे पाहायचं असेल तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम १२३ काढून वाचा. तिथे सोन्याच्या पंगतीत घड्याळांचं नाव आहे. तस्करीच्या संशयावरून जप्त झालेलं घड्याळ तस्करीचं नाही, हे ज्याच्याकडे सापडलं त्यानेच सिद्ध करायचं. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ घरोघर गेली. पण आधीपासून लोकांच्या हातात असलेल्या स्विस घड्याळांचं काय? ती टिकवायची जबाबदारी रस्त्याकडेच्या घड्याळजीवर आली. डायल पुन्हा रंगवायची, काटे मिळतील ते लावायचे, केस बाजारातली घालायची. या सगळ्या मिश्रणाला आज जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, थोडं हसत आणि थोडं चिडत. मला ते हसणं आवडत नाही. पण त्यांच्या चिडण्याला कारण आहे, ते बघू.

बाजारी केसमध्ये पहिला घोळ मापाचा. मशीनचा व्यास ‘लिन्य’ या जुन्या फ्रेंच मापात सांगतात. एक लिन्य म्हणजे सुमारे २.२५६ मिलिमीटर. साडेअकरा लिन्यच्या केसमध्ये साडेदहाचं मशीन घातलं तर व्यासात सव्वादोन मिलिमीटरची तफावत राहते. चांगल्या कामात तिथे धातूची रिंग बसवतात. नाहीतर प्लास्टिकची पट्टी, कधी चक्क दुमडलेला कागद. मशीन आत हलतं, डायल तिरकी दिसते. त्याहून वाईट म्हणजे चावीचं भोक. केसच्या भिंतीतलं भोक मशीनमधल्या दांड्याच्या रेषेत नसेल तर चावी देताना दांडा घासत राहतो, किल्ली जड लागते, आतले दात झिजतात. डायलखालचे दोन बारीक पाय जागेवर बसत नसतील तर ते कापून डायल चिकटपट्टीने चिकटवलेली असते. झाकणाच्या आट्यांचा दुसरा घोळ. केस एका कारखान्याची आणि झाकण दुसऱ्याचं असेल तर आटे पहिल्या फेऱ्यालाच चुकतात, झाकण वाकडं चढतं, आणि मग धूळ-दमट हवेला आत जायला मोकळा रस्ता.

मुलाम्याचं सांगायलाच हवं. स्वस्त केस पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते, वर क्रोमचा पातळ थर. क्रोमखाली निकेलचा नीट थर दिला नसेल तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मनगटावरचा खारा घाम हे काम दोन-चार वर्षांत करतो. आधी बारीक खड्डे, मग पिवळं पितळ, मग हिरवट गंज. सर्वात जास्त घाम मागच्या बाजूला लागतो, म्हणून झाकण तेवढं स्टीलचं करायची पद्धत पडली. त्यामुळे झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर ते विधान फक्त झाकणाबद्दल आहे. बाकी केस पितळी असू शकते आणि बहुधा असतेच. अर्धं वाक्य वाचून संपूर्ण वस्तूबद्दल निष्कर्ष काढायचा नाही, हे कागदाच्या बाबतीत आपल्याला कळतं. घड्याळ हातात आलं की का विसरतो कोण जाणे.

आता कोरीवकाम. इथे दहापट मोठं करून दाखवणारं भिंग हवं, ते शे-दोनशे रुपयांत मिळतं, घेऊन ठेवा.

अक्षर धातूत शिरतं ते तीन-चार रीतींनी, आणि प्रत्येक रीत आपली खूण ठेवते. कारखान्यात ठशाने दाबलेलं अक्षर : धातू काढलेला नसतो, बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे तळ गुळगुळीत आणि कडा किंचित गोलावलेल्या. हाताने, पोलादी कलमाने कोरलेलं अक्षर : खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी, रेघ कुठे जाड कुठे बारीक, टोकं निमुळती, तिरप्या प्रकाशात चकाकणारी. पँटोग्राफवर फिरत्या सुईने कोरलेलं : रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी आणि टोकं गोल. लेझरने कोरलेलं : उथळ, कडेला जळल्यासारखी छटा, आणि भिंगाखाली तळाशी शेतातल्या तासांसारख्या समांतर रेघा. पहिला लेझर १९६० मध्ये चालला. उद्योगात कोरीवकामासाठी तो यायला आणखी काळ लागला. तेव्हा लेझरने कोरलेलं ‘१९४२’ हे १९४२ मध्ये कोरलेलं नाही, एवढं खात्रीने म्हणता येतं. ते कशासाठी कोरलं हे मात्र त्यातून कळत नाही. नातवाने आजोबांच्या आठवणीसाठीही कोरून घेतलेलं असू शकतं.

अक्षर कसं कोरलं याच्याइतकंच महत्त्वाचं आहे, कशाच्या नंतर कोरलं. मुलामा अक्षराच्या तळापर्यंत उतरला असेल तर आधी अक्षर, मग मुलामा. तळाशी पितळ दिसत असेल तर आधी मुलामा, मग अक्षर. (मुलामा झिजूनही पितळ दिसतं, पण मग आजूबाजूचा उंच भाग आधी झिजलेला असायला हवा.) ओरखडे बघा. अक्षरावरून नंतर गेलेला ओरखडा त्याच्या कडांना दुखावतो. ओरखडा आधीचा असेल तर अक्षर त्याला मधोमध तोडून जातं. दोन्ही बाजूंना ओरखडा दिसतो पण कडा शाबूत असतात. उत्खननात खड्डा कुठल्या थरातून खणला गेला ते ठरवतो, तसंच हे. आणि पॉलिश. जुनी केस नवी दिसावी म्हणून बफवर धरली की मूळ अक्षरं पसरट आणि उथळ होतात. केसचे कोपरे साबणाच्या वडीसारखे झिजलेले आणि अक्षरं मात्र कालच कोरल्यासारखी धारदार, अशी जोडी दिसली की थांबायचं.

झाकणाच्या आतल्या बाजूची खूण मला सर्वात भरवशाची वाटते. घड्याळ दुरुस्तीला आलं की अनेक घड्याळजी झाकणाच्या आत सुईने बारीक खूण करतात : तारीख, नंबर, एखादं अक्षर. हे जगभर चालतं. गिऱ्हाइकाने पुन्हा आणलं तर आपण ते कधी उघडलं होतं हे कळावं, एवढाच हेतू. विकणारा बाहेरची बाजू सजवतो, आतल्या या खरवडीकडे त्याचं लक्ष नसतं. आणि त्या नसणं हाही पुरावा आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका घड्याळावर हे सगळं लावून बघू. सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्याजवळच्या एका कुटुंबाकडे खिशातलं जुनं घड्याळ आहे. मी मराठवाड्यातल्या रेल्वेवर वाचतोय असं कळल्यावर घरच्या काकांनी ते दाखवायला काढलं. क्रोम मुलाम्याची केस, आत स्विस मशीन, झाकणावर रोमन लिपीत ‘एन. जी. एस. आर.’ आणि खाली १९४०. “पणजा सेलू टेसनावर होता आमचा. सन बी लिवलेलाय बघा,” काका म्हणाले. गावाच्या इतिहासाची पुस्तिका निघणार आहे, त्यात घड्याळाचा फोटो आणि ‘निजामाच्या रेल्वेने दिलेलं घड्याळ’ अशी ओळ जायची आहे. कुणाच्या पणजोबांचं नाव छापून येणार असेल तर आपण उगाच भिंग काढून का बसायचं, असं वाटू शकतं. पण तीच पुस्तिका उद्या कुणाच्या तरी प्रबंधात साधन म्हणून येईल. मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासाचं हेच दुखणं आहे : साधनं कमी, त्यामुळे जे छापलं गेलं ते पुन्हा पुन्हा उद्धृत होत राहतं.

सेलू स्टेशन मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मार्गावर. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे या नावाने हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, मीटरगेज, आणि तो चालवायची निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी. झाकणावरची चार अक्षरं म्हणजे हेच नाव. पण १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि नावातला ‘गॅरंटीड’ गेला. उरलं निझाम्स स्टेट रेल्वे, म्हणजे एन. एस. आर. त्यावर १९४० हे साल बसत नाही. इथेच ‘बनावट’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. होऊ नका. सरकारी खात्यांत जुने शिक्के-ठसे नवं नाव आल्यावरही वर्षानुवर्षं चालतात, लोकांच्या तोंडी तर त्याहून जास्त. ही विसंगती संशय घ्यायला पुरेशी आहे, निकाल द्यायला नाही.

मग भिंग. अक्षरांची रेघ एकसारख्या जाडीची, टोकं गोल : पँटोग्राफचं काम. पँटोग्राफ १९४० मध्येही होता आणि ट्रॉफीच्या दुकानांत नंतरही दिसायचा, म्हणून यावरूनही काही ठरत नाही. तळाशी पितळ, म्हणजे अक्षरं मुलाम्यानंतरची. रेल्वेने तयार घड्याळं घेऊन नंतर कोरून घेतली असती तरी असंच दिसलं असतं. पण मागच्या झाकणावर बारीक ओरखड्यांचं जाळं आहे, आणि अक्षरं ते जाळं तोडून जातात. एकाही अक्षराच्या कडेला ओरखड्याने दुखापत केलेली दिसली नाही. म्हणजे केस बरीच वापरून झाल्यावर अक्षरं कोरली गेली. झाकण उघडलं. मशीनच्या स्क्रूंच्या खाचा पेचकस लावून लावून फाटलेल्या, एक स्क्रू तर दुसऱ्याच मशीनचा. हे मशीन अनेकदा उघडलं गेलंय. आणि झाकणाच्या आत? एकही खूण नाही. मशीनभोवती पितळेची रिंग, हाताने कानस मारून बसवलेली. केस या मशीनची पहिली केस नाही.

तेव्हा म्हणता येतं ते इतकं : मशीन जुनं आहे, ते नंतर दुसऱ्या केसमध्ये गेलं, ती केसही पुष्कळ वापरली गेली, आणि अक्षरं व साल त्याही नंतर आली. पणजोबा रेल्वेत होते की नव्हते, याबद्दल हे झाकण काहीच सांगत नाही. होते असंही नाही, नव्हते असंही नाही. हे शेवटचं वाक्य मुलाखतीत नीट सांगता आलं पाहिजे. पुरावा खोटा ठरला म्हणजे दावा खोटा ठरत नाही. त्या दाव्याला दुसरीकडे आधार शोधायचा असतो. काकांना मी हेच सांगितलं. त्यांचा प्रश्न सरळ होता : “मंग कुठं सापडंल?”

सापडेल तर कागदात. निजामाच्या काळाचे सरकारी कागद मोठ्या प्रमाणात हैदराबादला, तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहेत. रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे होऊन सिकंदराबादकडे आली, त्यामुळे नोकरीचे कागद कुठल्या टप्प्यावर कुठे गेले ते साखळीने शोधावं लागतं. घरातली पेन्शनची चिठ्ठी, पासचा तुकडा, जमिनीच्या कागदावर नावापुढे लिहिलेला हुद्दा, यातलं काहीही झाकणापेक्षा जास्त उपयोगी. मराठवाड्यावर काम करणाऱ्यांना उर्दू यायला हवी, हे मी दर दोन लेखांआड सांगतो, आजही सांगतो. तसंच फसली सन. हैदराबाद संस्थानात सरकारी कागदांवर फसली साल असायचं. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं, म्हणजे १३५० फसली म्हणजे १९४०-४१. हे माहीत नसेल तर कागदावरचा १३५० हा आकडा कुणी अनुक्रमांक समजून सोडून देईल. उलटही होतं : केसच्या आतला चार आकडी नंबर कुणीतरी उत्साहाने फसली साल म्हणून वाचतो. कारखान्याचा केस नंबर ठशाने दाबलेला असतो. आधी तो कसा उमटलाय ते बघा, मग वाचा.

आता ज्युनिअरच्या प्रस्तावाबद्दल. त्याला एचएमटी घड्याळांवरून साठ-सत्तरच्या दशकातल्या मध्यमवर्गाबद्दल लिहायचंय, आणि नमुना म्हणून ऑनलाइन विकायला असलेली दोनेकशे घड्याळं मोजायची आहेत. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि त्यानंतर या घड्याळांना जुन्याची किंमत आली. किंमत आली की जोडकाम वाढतं : खरं मशीन, नवी छापलेली डायल, नवी केस. असा नमुना मोजला तर १९७० मध्ये लोकांना काय आवडत होतं ते कळणार नाही, आजच्या गिऱ्हाइकाला काय आवडतं ते कळेल. विषय उत्तम आहे, नमुना बदलावा लागेल. लग्नात मिळालेली, निवृत्तीला मिळालेली, अजून त्याच घरात असलेली घड्याळं घ्यावीत, आणि प्रत्येकाची केस, डायल, मशीन यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करावी.

बाजारी केस मात्र नमुन्यातून काढून टाकू नये, असं मी त्याला म्हटलंय. तिलाच विषय करता येईल. कानस मारून बसवलेली ती पितळेची रिंग मला झाकणावरच्या अक्षरांपेक्षा जास्त बोलकी वाटली. आयात बंद, सुटे भाग नाहीत, गिऱ्हाइकाकडे पैसे नाहीत, आणि तरी मशीन चालू राहिलं पाहिजे म्हणून कुणीतरी दुपारभर बसून केलेलं ते काम आहे. त्या माणसांची दुकानं तालुक्याच्या बाजारपेठांत, एसटी स्टँडजवळ, टपऱ्यांत होती. काही अजून आहेत, भिंतीवर बंद पडलेली घड्याळं आणि काचेच्या बरणीत सुटे स्क्रू. केसेस कुठून यायच्या, डझनावर की नगावर, मुंबईहून पार्सल यायचं की फिरता विक्रेता आणायचा, मुलाम्याची तक्रार आली तर परत घ्यायचे का, हे त्यांनाच माहीत आहे आणि ते कुणी लिहून घेतलेलं माझ्या वाचण्यात आलेलं नाही. साठी-सत्तरीतली माणसं आहेत. मुलाखतीला जाताना रेकॉर्डर न्या, पण आधी एखादं बंद घड्याळ दुरुस्तीला द्या. गप्पा त्यावरून आपोआप सुरू होतात.

देवगाव फाट्याच्या पुस्तिकेसाठी फोटोखालची ओळ काकांबरोबर बसून अशी ठरवली : ‘कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं खिशातलं घड्याळ. स्विस मशीन, केस नंतरची, झाकणावरील अक्षरे व साल त्यानंतर कोरलेले. कुटुंबाच्या आठवणीनुसार पणजोबा सेलू स्थानकावर नोकरीस होते.’ ओळ लांब झाली म्हणून छापणारा कुरकुरला. काकांनी एकही शब्द कमी करू दिला नाही.